अठरा तारखेच्या आत जाहिराती बंद

शनिवार, ३ फेब्रुवारी २०२४

पुन्हा बंद पडली! उन्नतीची सराव परीक्षा. ती कॉम्प्युटरसमोर, मी मागं दाराशी. पाचव्या प्रश्नावर स्क्रीनच्या कोपऱ्यातून एक चौकोन वर आला — ‘आपके कंप्यूटर में १३ वायरस हैं, तुरंत दबाएँ’. तो घालवला तं दुसरा. मग एक अख्खी नवी खिडकीच उघडली, रमीचे पत्ते घेऊन. परीक्षेनं लाल अक्षरात तंबी दिली. तिसऱ्या तंबीले परीक्षा आपोआप खलास.

नियमच तसा आहे म्हणे. पुण्याची कंपनी, पोट्टीनं घरी बसून पेपर सोडवाचा, कॅमेरा चालू. खोलीत दुसरं माणूस नको, स्क्रीनवर दुसरी खिडकी नको. तीनदा उघडली का बाद, पुन्हा संधी नाही. अन् ज्या मशीनची नोंदणी केली त्याच मशीनवर परीक्षा द्याची. म्हणजे आमच्या ह्याच मशीनवर.

अठरा तारखेले, रविवारी, अकरा वाजता. कमलेशनं, माझ्या साळ्यानं, कंपनीत चार लोकांच्या मागं लागून हिचं नाव पुढं केलं. नोकरी लागली तं एसी ऑफिस, खुर्ची, कॉम्प्युटर. सध्या ती दुर्गजवळच्या रसमड्याच्या एका फॅब्रिकेशन कारखान्यात जाते, वेल्डिंगचे जोड तपासाले. बीएस्सी झाल्यावर ‘बाबा, तात्पुरतं’ म्हणून गेली, अन् वर्ष झालं. माझे दोन्ही कान पोलादाच्या मिलनं खाल्ले, गुडघे जिन्यांनी खाल्ले. माझ्या पोरीनं गरम लोखंडाजवळ उभं राहू नये. बस, एवढंच मागून राहिलो.

उन्नती म्हणे, “राहू द्या न बाबा, होऊन जाईल.”

काय होऊन जाईल? चौतीस वर्षं प्लेट मिलमध्ये मेकॅनिकल मेंटेनन्स केलं मी. आपोआप काहीच होत नसते. उद्या सकाळी मीच काम हातात घेतो.


रविवार, ४ फेब्रुवारी

मेन स्विच बंद केला. वायर काढली. मशीन अंगणात आणून झाकण उघडलं. आत इतका कचरा निघाला का विचारू नका! ब्रशनं झाडलं, फुंकलं, सगळे जोड काढून पुन्हा दाबून बसवले. पंखा कुरकुर करत होता, त्याले शिलाई मशीनचं एक थेंब तेल दिलं. माझी बायको अन्नपूर्णा म्हणे, “जाहिराती पंख्यातून येऊन राहिल्या का?” तिले मेंटेनन्समधलं काही समजत नाही.

चालू केली. आवाज एकदम बंद. मख्खन!

जाहिराती आधीपेक्षा लवकर येऊन राहिल्या.


मंगळवार, ६ फेब्रुवारी

आज चौकोन आला — ‘आपके पास ही कोई आपका इंतज़ार कर रही है, दूरी २ किलोमीटर’. संग एका बाईचा फोटो. अन्नपूर्णा चहा घेऊन नेमकी मागंच उभी!

म्हटलं, अवं, आपल्या सेक्टर दहापासून दोन किलोमीटर म्हणजे सिव्हिक सेंटर. ह्या वेळेले तिथं कोणी कोणाची वाट पाहत नाही.

“तुमाले बरं माहीत,” म्हणे, अन् चहा ठेवून गेली. साखर नव्हती चहात. डॉक्टरनं मना केली म्हणून का ह्या बाईमुळं, ते विचारलं नाही.


बुधवार, ७ फेब्रुवारी

जाहिराती काढाले एक साफसफाईचा प्रोग्राम उतरवला. फुकट होता. त्यानं तपासणी केली, चारशे बारा दोष सांगितले अन् दोष काढाची परवानगी मागितली. दिली.

आता त्या प्रोग्रामच्याच जाहिराती येऊन राहिल्या. च्या मायले!


शुक्रवार, ९ फेब्रुवारी

राजकुमारले बोलावलं. मार्केटमध्ये त्याचं कॉम्प्युटरचं दुकान आहे. जाडजूड माणूस, दुकानातून चालत आला तं पाच मिनिटं नुसता श्वासच घेत राहिला. बोलावताना मले बरं वाटलं नाही, पण तारीख जवळ आली. आपल्या हातचं काम दुसऱ्याच्या हाती देताना माझं डोकं फिरते, हे अन्नपूर्णाले माहीत आहे. ती नुसती हसली.

राजकुमार बसला, दोन ठिकाणी दाबलं, अन् एक लांबच लांब यादी काढली. सगळ्या वेबसाइटांची नावं. अर्ध्यांचं स्पेलिंगही धड नव्हतं.

“अंकल, ये सबको आपने अलाऊ किया है.”

“मी?”

“हाँ न. ये पूछता है — सूचना भेजें क्या? आपने हर बार हाँ बोला.”

उन्नती तोंडावर ओढणी धरून हसून राहिली होती. मी म्हटलं, बोललो असन हाँ, त्यात काय! मिलमध्ये माझा जन्म परमिट देण्यात गेला. कोणाले मशीनवर चढाचं असलं तं आधी माझ्याजवळ येऊन परमिट मागाचा. जो मागते तो शिस्तीचा माणूस. न विचारता जो हात घालते त्याच्यापासून धोका असते. आता कोपऱ्यातून एखादा नम्रपणे विचारून राहिला, ‘परवानगी द्याल का?’, तं त्याले नाही कावून म्हणाचं? मी तं उलट म्हणत होतो, कॉम्प्युटरमध्ये बरी शिस्त आहे!

राजकुमारनं माऊस सोडला. मग म्हणे, “अंकल, यहाँ उल्टा है. जो पूछे, उसी को भगाना है.”

असं कसं चालते जग! पण तसंच आहे म्हणे.

मग त्यानं सगळं करून दाखवलं. यादीतल्या एकेका साइटची परवानगी काढून टाकली. अन् पुन्हा कोणी विचारूच नये, असंही करून ठेवलं. ब्राउझरले चिकटलेले तीन उपरे प्रोग्राम होते — एक कूपनचा, एक हवामानाचा, एक कायचा ते त्यालेही समजलं नाही. ते उडवले. माझा साफसफाईवालाही उडवला, त्याचं नाव वाचून राजकुमार मोठ्यानं हसला. ते मले आवडलं नाही. मग ब्राउझर पहिल्यासारखा कोरा केला अन् चांगल्यातला स्कॅन लावला. उन्नतीनं खुर्ची ओढून सगळं नीट पाहून घेतलं, काय कुठं असते, काय दाबलं का काय होते. मले बरं वाटलं. पोट्टीले शिकाची आवड आहे.

संध्याकाळी सराव परीक्षा पूर्ण झाली! एकही चौकोन नाही. उन्नतीले म्हटलं, पाह्य, झालं का नाही? “हाव बाबा,” म्हणे.


रविवार, ११ फेब्रुवारी

जुन्या पेटीतून मिलमधली लाल पाटी काढली — ‘मत चलाओ, आदमी काम पर है’. कीबोर्डले सुतळीनं बांधली. उन्नतीशिवाय कोणी मशीनले हात लावाचा नाही, मीही नाही. अन्नपूर्णा म्हणे, “मी कवा लावते? मले त्या पाटीवर धूळ पुसाची का नाही तेवढं सांगा.”

दिवसभर शांत. एकही जाहिरात नाही.


सोमवार, १२ फेब्रुवारी

आल्या.

संध्याकाळी उन्नती अभ्यासाले बसली अन् आतून आवाज दिला, “बाबा, फिरसे आले!” धावत गेलो. ‘बधाई हो, आप जीत गए’. काय जिंकलं ते सांगत नाही लेकाचे. यादी उघडली. माझ्यासमोर कोरी केलेली यादी, तिच्यात चार नवी नावं! ब्राउझरले तो कूपनवाला परत चिकटलेला.

माझं डोकंच सरकलं. मी दाबलं नाही. देवाशप्पत दाबलं नाही. सहा दिवस राहिले.

उन्नती म्हणे, “बाबा, टेन्शन नका घेऊ. नाही झाली परीक्षा तं नाही झाली.”

अशी कशी नाही झाली? बापाच्या घरच्या मशीनमुळं पोरीचं नशीब अडाचं? मी काय मेलो का!


बुधवार, १४ फेब्रुवारी

उन्नती चष्मा घरीच विसरली. चष्म्याशिवाय तिले जवळचं नीट दिसत नाही, म्हणून स्कूटर काढली अन् रसमड्याले गेलो. ह्या कारखान्याच्या आत आजवर पाय ठेवला नव्हता. गेटवरच्या माणसानं नाव विचारलं. मी म्हटलं, उन्नतीचा बाप. “अच्छा, मैडम के फादर!” म्हणे अन् एकदम हेल्मेट आणून दिलं.

शेड मोठी आहे, पण हवा नाही. पत्रे तापून राहिलेले. कोपऱ्यात एक टाकी उभी होती अन् तिच्या जोडाशी माझी पोट्टी उकिडवी बसलेली. हातमोजे, तोंडावर रुमाल. जोडावर तिनं लाल रंग मारलेला होता. तो पुसला, मग वरून पांढरी पावडर फवारली अन् थांबली. मलेही थांबा म्हणून हात दाखवला, माझ्याकडं न पाहता. थोड्या वेळानं पांढऱ्यातून एक बारीक लाल रेघ वर आली. केसाएवढी. म्हणजे आत चीर आहे.

बाबुलाल म्हणून वेल्डर आहे तिथं, माझ्याच वयाचा असेल. तो म्हणे, “इतना चलता है बेटी.”

“नहीं चलता चाचा,” हिनं सांगितलं. आवाज चढवला नाही, काही नाही. “घिसके फिर से करना पड़ेगा.”

अन् त्यानं मुकाट्यानं ग्राइंडर उचलला! मिलमध्ये असल्या जुन्या वेल्डरशी आम्ही अर्धी शिफ्ट भांडत होतो.

मग तिनं मले पाह्यलं. चष्मा घेतला. घामानं नुसती निथळून राहिली होती, अन् हसून राहिली होती. म्हणे, “बाबा, रेघ दिसली का तुमाले? बिना चष्म्याची दिसली मले!” मग दहा मिनिटं मले टाकी दाखवत फिरली, कोणता जोड उभा, कोणता आडवा, कुठं चीर पडते, कावून पडते. मले अर्धं ऐकू आलं, ग्राइंडर चालू होता. पण बोलताना तिचे हात पाह्यत होतो. घरी इतकी बोलत नाही ही.

रेघ तिनं बरोबर पकडली. मलेही आधी दिसली नव्हती. मले अभिमान वाटला, हे लिहून ठेवतो. पण हे काम तिच्यासाठी नाही. ह्या गरमीत ती पन्नाशीपर्यंत काय होईल ते मी आरशात रोज पाह्यतो. पुण्यालेच गेली पाह्यजे.

परत येताना स्कूटर दुर्गच्या रेल्वे फाटकाशी बंद पडली. ढकलत आणली.


गुरुवार, १५ फेब्रुवारी

चौकशी केली. मिलमध्ये ब्रेकडाऊन झाला का तिघांची कमिटी बसत होती. घरात आम्ही तिघंच, म्हणून मी एकटाच कमिटी.

अन्नपूर्णाले विचारलं, सोमवारी दुपारी मशीनवर काही पाह्यलं का? भजन, रेसिपी, सिरियल?

“मी त्या मशीनकडं पाह्यतही नाही. तिच्यावर तुमची पाटी टांगली आहे, मले वाटते आतमध्ये माणूस काम करून राहिला.”

बाहेरचं कोणी आलं होतं का?

“ठकूबाई आली होती, कोथिंबीर मागाले.”

ठकूबाई शेजारची, पंच्याहत्तरीची. तिले मोबाईलवर फोन उचलता येत नाही. कमिटीनं तिले सोडून दिलं.

मग अन्नपूर्णा पोळी लाटता लाटता म्हणे, “पोट्टीले विचारलं का?”

तिले काय विचाराचं? परीक्षा तिचीच आहे, ती कायले करन असं?

“तसं नाही म्हणत मी. जाचं का म्हणून विचारलं का? पुण्याले.”

म्हटलं, हे काय विचाराचं असते? कोणाले नको असते चांगली नोकरी? तीन म्हयन्यापासून तयारी चालू आहे, एकदा तरी नाही म्हणाली का ती?

“तुमाले कोण नाही म्हणते?” म्हणे. अन् तव्यावरची पोळी फुगली तं तिच्याकडं वळली.

हे बायकांचं बोलणं. मूळ मुद्दा मशीनचा आहे. राजकुमारले फोन केला. तो म्हणे, अंकल, कधी कधी एखादी फाईल लपून राहते, तिच्यातून पुन्हा उगवते. पासवर्ड बदला, मी उद्या येतो. मले हे पटलं. लपून राहिलेलं असन काहीतरी.


शुक्रवार, १६ फेब्रुवारी

राजकुमार आला. सगळं मुळापासून काढलं. विंडोजच नवीन टाकलं. उन्नतीचे फोटो, अभ्यास, सगळं आधी पेन ड्राइव्हवर काढून घेतलं. अडीच तास गेले, अन्नपूर्णाचे पोहे दोनदा झाले. जाताना राजकुमार म्हणे, “अंकल, अब इसमें कुछ आ ही नहीं सकता. जब तक कोई खुद से न लाए.”

पासवर्ड नवीन. तो मले अन् उन्नतीलेच माहीत.


शनिवार, १७ फेब्रुवारी

सकाळी सराव परीक्षा, पूर्ण. दुपारी पुन्हा, पूर्ण. संध्याकाळी मी सोता बसलो अन् मुद्दाम दोन-चार साइटा उघडून पाह्यल्या. कोणी काही विचारलं नाही, कोणी कोपऱ्यातून वर आलं नाही. एखाद्या नवे रोल बसवलेल्या मिलसारखी गुळगुळीत चालून राहिली मशीन. मी खुर्चीत बसूनच एकटा हसलो.

कमलेशचा फोन आला. “भाऊजी, मशीन ठीक झाली न? मी साहेबाले शब्द देऊन बसलो.” म्हटलं, अरे, मेंटेनन्स कोणाचं आहे! मग त्यानं उन्नतीले फोन द्याले सांगितलं. ती “हो मामा, हो मामा” करत होती. फोन ठेवून बाथरूममध्ये गेली ते बराच वेळ आली नाही. परीक्षेचा ताण असन. प्रमोशनच्या परीक्षेले माझंही पोट बिघडलं होतं.

अन्नपूर्णाले सांगून ठेवलं, उद्या अकरा ते एक कुकर लावाचा नाही, शिटी होते. ती डाळ निवडत राहिली.

मी खुश आहे. बरेच दिवसांनी इतका खुश आहे.


रविवार, १८ फेब्रुवारी

साडेदहाले पाण्याची बाटली द्याले गेलो. दार नुसतं लोटलेलं. उन्नती पाठमोरी. स्क्रीनवर तोच कूपनवाला उतरून राहिला होता, अन् उतरवत तीच होती. कोपऱ्यात चौकोन आला. तिनं परवानगी दिली. दुसरा आला, दिली. मग मनगटानं डोळे पुसले.

बाटली घेऊन तसाच मागं फिरलो. अंगणात उभा राहिलो. पहिले राग आला, खूप आला. मग वाटलं, ‘नाही’ म्हणाले इतकी भेते ही? मले?

तिथूनच कमलेशले फोन लावला. म्हटलं, परीक्षा होत नाही. मशीन माझ्याच्यानं सुधारली नाही.

“भाऊजी, तुमच्याच्यानं नाही सुधारली?”

“नाही सुधारली!” आत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बोललो. तो रागावला. रागावू दिलं.

उन्नती दारात येऊन उभी राहिली. अन्नपूर्णानं कुकर लावला. मग कोणाकडंच न पाहता विचारलं, “उद्याचा कारखान्याचा डबा कितीले पाह्यजे?”

उन्नतीच्या आधी मीच सांगितलं, आठले.